टाऊ सेटीचे ग्रह यादीतून काढायचे का?

रोहिणीशकट:
जवळच्या राहण्याजोग्या ग्रहांची यादी निघाली की टाऊ सेटी हटकून असतोच. तारा छान आहे, वाद नाही. तिमिंगल समूहातला, 12 प्रकाशवर्षांच्या किंचित आत, सूर्यासारखा जी प्रकारचा, एकटा, शांत. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी दक्षिणेकडे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पण ग्रह? 2012 मध्ये पाच जाहीर झाले. 2017 च्या विश्लेषणात त्यातले ई आणि एफ नावाचे तेवढे टिकले, शिवाय जी आणि एच असे दोन नवे आले. 2025 मध्ये चिलीतल्या एस्प्रेसो वर्णपटमापकाची निरीक्षणं आली. ताऱ्याचा वेग मोजण्यात सेकंदाला 10 सेंटिमीटर इतका बारकावा, तरी ग्रहांना दुजोरा नाही. बाजारात तुरी, आणि आपण तिथे वस्ती कुठे करायची यावर भांडतोय. मुलांच्या पुस्तकांतून आणि प्रदर्शनांच्या फलकांवरून हे ग्रह सरळ काढून टाका.

निशाचर:
असहमत. 'सापडले नाहीत' म्हणजे 'नाहीत' असं होत नाही, आणि इथे तर मुळीच नाही. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित पुढेमागे डुलतो, ते डुलणं वर्णपटात मोजतात. आता 2023 मधल्या मोजणीनुसार हा तारा आपल्याला जवळजवळ ध्रुवाच्या बाजूने दिसतो, त्याचा अक्ष आपल्या दृष्टिरेषेशी साधारण 7 अंशांचा कोन करतो. ग्रह त्याच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरत असतील तर बहुतेक ओढ आडवी जाते, आपल्या दिशेला जेमतेम आठवा हिस्सा येतो. पृथ्वी सूर्याला सेकंदाला 9 सेंटिमीटर हलवते. या कोनातून बघणाऱ्याला ते 1 सेंटिमीटर वाटेल. म्हणजे तिथे हुबेहूब पृथ्वी असली तरी एस्प्रेसोच्या हाती लागणार नाही. मग यादीतून काढायची घाई कशाला?

रोहिणीशकट:
अहो, हाच कोन तुमच्यावर उलटतो की! ई आणि एफ यांचं किमान वस्तुमान, म्हणजे कक्षा आपल्याला कडेने दिसते असं धरून काढलेलं, पृथ्वीच्या चौपटीच्या जरा खाली. तुमच्या 7 अंशांच्या हिशोबाने ते आठपट करा, तिसाच्या पुढे जातं. नेपच्यूनच्या जवळपास दुप्पट. मग कसली जमीन आणि कसला समुद्र?

गणपुले_काका:
दोघेही 7 अंश पक्के धरून चाललात. त्या ताऱ्याभोवती धूळ-दगडांची मोठी तबकडी आहे, तिचा कल 35 अंशांच्या आसपास निघतो. ग्रह त्या पातळीत असतील तर वस्तुमान पावणेदोन पटच वाढेल. तारा आणि तबकडी यांचं आपसात का जुळत नाही, हा खरा मजेदार प्रश्न. त्यावर कोणी धागा काढत नाही.

सायली_पुणे:
राहण्याजोगे हे विशेषण तर असेही टिकत नाही. ताऱ्याचं तेज सूर्याच्या निम्मं. त्या हिशोबाने ई ला पृथ्वीच्या 1.7 पट उष्णता मिळेल, शुक्राला 1.9 पट मिळते. एफ मंगळापेक्षाही थंड. आणि त्या तबकडीत नेपच्यूनपलीकडच्या आपल्या कायपर पट्ट्याच्या दसपट तरी माल आहे, म्हणजे धूमकेतूंचा मारा वेगळाच.

निशाचर:
सायलीताई, ई-एफचा आग्रह मी सोडतो. ताऱ्याचा नाही. 1960 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या 26 मीटर रेडिओ दुर्बिणीचं तोंड परग्रहींच्या संदेशासाठी पहिल्यांदा वळवलं ते याच ताऱ्याकडे, आणि एप्सिलॉन एरिडानीकडे. त्या वेळी सूर्यमालेबाहेरचा एकही ग्रह माहीत नव्हता! तेव्हा मुलांना सांगायला ही गोष्ट पुरेशी आहे. 'संभाव्य' असं ठळक लिहा, झालं.

रोहिणीशकट:
'संभाव्य' कोण वाचतं? चित्रात निळे समुद्र रंगवलेले असतात, तेच लक्षात राहतं. त्यापेक्षा 82 एरिडानी हा तारा छापा. 20 प्रकाशवर्षांवर, जी प्रकारचाच. पृथ्वीच्या निदान सहापट वस्तुमानाचा, 647 दिवसांत फेरी मारणारा त्याचा ग्रह डी 2025 मध्ये पक्का झाला, आणि तोही याच डुलण्याच्या पद्धतीने. पद्धत चोख आहे, टाऊ सेटीतच काही हाती लागत नाहीये.

गणपुले_काका:
छापा, पण कक्षाही काढा. इतकी लांबट आहे की तो ग्रह प्रत्येक फेरीत राहण्याजोग्या पट्ट्याच्या, म्हणजे पाणी द्रव राहू शकेल अशा अंतराच्या, आत-बाहेर करतो. वर्षाचा काही काळ भाजायचं, काही काळ गोठायचं. रंगवा आता निळे समुद्र.