कॅनडाचा पीआर : वकील, कन्सल्टंट की स्वतः? (अनुभव धागा)

कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी वास्तव्यासाठी) एक्स्प्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कुशल कामगारांसाठीच्या गुणांवर चालणाऱ्या ऑनलाइन पद्धतीतून, अर्ज करताना कायदेशीर मदत कोणाची घ्यावी आणि कुठपर्यंत, एवढ्यापुरता हा धागा आहे. ज्यांनी फायली जवळून हाताळल्या आहेत, त्यांनी आपली कहाणी बाजूला ठेवून नेमकं लिहावं.

*

पहिली गोष्ट परवाना. पैसे घेऊन हे काम करायचा अधिकार मोजक्यांनाच आहे : प्रांतिक लॉ सोसायटीचा (वकिलांच्या नियामक संस्थेचा) वकील, क्वेबेकचा नोटरी, किंवा आरसीआयसी, म्हणजे कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवाना असलेला कन्सल्टंट. व्हिजिटिंग कार्डावरचा क्रमांक खरा धरू नका. कॉलेजच्या सार्वजनिक यादीत स्वतः शोधा, परवाना निलंबित असेल तर तेही तिथे दिसतं. मग लेखी करार आणि आयएमएम ५४७६ हा प्रतिनिधीचा फॉर्म. "फॉर्मची गरज नाही, तुमच्याच लॉगिनमधून भरून टाकतो," असं कोणी म्हटलं की तिथूनच परत फिरा.

*

वरच्यांच्या मुद्द्याला जोडून : फॉर्म कोणीही भरो, मजकुराची जबाबदारी अर्जदाराची. चुकीची किंवा दडवलेली माहिती सापडली तर कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ४० खाली पाच वर्षांची बंदी येते, आणि "एजंटने लिहिलं" हे उत्तर सहसा टिकत नाही. म्हणून सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ मागा, प्रत्येक तारीख पासपोर्टशी ताडून पाहा. मूल भारतात आजीकडे राहत असेल, सोबत येणार नसेल, तरीही दाखवा. न दाखवलेल्या माणसाला पुढे स्पॉन्सर करायची वाट बहुधा बंद होते.

आणि एलएमआयए (परदेशी कामगार घेण्यासाठी कंपनीला मिळणारी सरकारी मंजुरी) विकत घेऊ नका! एक्स्प्रेस एन्ट्रीतले नोकरीच्या ऑफरचे गुण २५ मार्च २०२५पासून काढून टाकले आहेत. त्या गुणांच्या नावाखाली अजून कोणी पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

*

इन्व्हिटेशन (पीआरचा अर्ज करायचं सरकारी आमंत्रण) आल्यावर अर्जासाठी ६० दिवस मिळतात, आणि त्यातला बराचसा वेळ अनुभवपत्रात जातो. आपल्याकडच्या कंपन्या रिलिव्हिंग लेटर देतात. त्यात कामाचं स्वरूप नसतं, आठवड्याचे तास नसतात. लेटरहेडवर पद, तारखा, तास, पगार, भत्ते, कामांची यादी आणि सही असं सगळं हवं. एचआर ऐकतच नसेल तर वरिष्ठाचं नोटरी केलेलं पत्र, सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ आणि हे का जोडलं याचं खुलासापत्र. एनओसीमधली (कॅनडाच्या सरकारी व्यवसाय-वर्गीकरणातली) वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, अधिकाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. अपलोडला एका रकान्यात एकच फाइल, ४ एमबीपर्यंत. तेव्हा सगळं एका पीडीएफमध्ये जोडून ठेवा.

*

मराठी कागदांबद्दल. जन्मदाखला किंवा विवाहनोंदणी फक्त मराठीत असेल तर इंग्रजी वा फ्रेंच भाषांतर आणि मूळ कागदाची प्रत लागते. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही. घरच्यांनी केलेलं चालत नाही. मावसभाऊ पेशाने भाषांतरकार असला तरी नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी माहेरचं नाव 'इतर नावे' मध्ये लिहावं. मार्कशीटवर एक, पासपोर्टवर दुसरं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडावी.

*

सरळ फाइलला वकील लागतोच असं नाही. पूर्वी व्हिसा नाकारला असेल, गुन्ह्याची नोंद असेल, घटस्फोट चालू असेल किंवा प्रोसिजरल फेअरनेस लेटर (निर्णयाआधी शंका कळवून खुलासा मागणारं अधिकाऱ्याचं पत्र) आलं असेल, तर मात्र त्याच दिवशी वकील गाठा. त्या पत्राचं उत्तर घाईत स्वतः लिहिण्याने फाइल बिघडते.

नकार आला तर फेडरल कोर्टात दाद मागायची मुदत निर्णय कॅनडात झाला असेल तर १५ दिवस, बाहेर झाला असेल तर ६०. आरसीआयसी त्या कोर्टात तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही, तिथे वकीलच हवा. अधिकाऱ्याच्या नोंदी माहिती कायद्याखाली ५ डॉलरमध्ये मिळतात, पण त्यांची वाट पाहत बसलात तर मुदत उलटून जाते.

*

खर्चाबद्दल : पूर्ण फाइल सोपवणं परवडत नसेल तर फक्त तपासणीपुरता करार करता येतो. अर्ज तुम्ही भरायचा, वकिलाने सबमिट करण्याआधी वाचायचा. काय तपासणार हे करारात नेमकं लिहून घ्या. ऑन्टारिओत लॉ सोसायटीच्या रेफरल सेवेतून ३० मिनिटांपर्यंतचा सल्ला मोफत मिळतो. जाताना प्रश्न आणि तारखांचा तक्ता एका पानावर लिहून न्या, नाहीतर अर्धा वेळ पार्श्वभूमी सांगण्यातच जातो.