बालीत कॅफे निवडायचं ते समुद्र बघून की ताट बघून?

विजापूररोडकर

मे महिन्याच्या सुट्टीत बालीला निघालेल्यांचे 'चांगले कॅफे सांगा' म्हणून निरोप यायला लागलेत. सोलापुरातल्या ग्रुपांवर जी यादी फिरतेय त्यातले जवळपास सगळे कॅफे किनाऱ्यावरचे आहेत, आणि प्रत्येकापुढं शिफारस एकच : 'व्ह्यू भारी'. खायला काय मिळतं, कॉफी कुठली, याबद्दल चकार शब्द नाही. म्हणून हा धागा काढला.

माझं मत स्पष्ट सांगतो. बालीत निवांत बसावं असे कॅफे किनाऱ्यावर कमी आणि आतल्या भागात, उबुदपासून किंतामणीपर्यंतच्या पट्ट्यात जास्त आहेत. कारण बालीची स्वतःची कॉफी डोंगरात पिकते. बातूर ज्वालामुखीच्या परिसरात किंतामणीची अरेबिका होते. तिथले शेतकरी कॉफीच्या मळ्यात संत्र्याची झाडं लावतात आणि त्या कॉफीला हलकी लिंबाच्या अंगाची आंबूस चव असते. इंडोनेशियातलं पहिलं भौगोलिक मानांकन २००८ मध्ये याच कॉफीला मिळालं. आणखी मागं गेलात तर डचांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस जावाला कॉफीची रोपं नेली ती आपल्या मलबारातून. इतका इतिहास ज्या कपात आहे तो सोडून वाळूवर बसून मशीनची कापुचिनो प्यायची, हे मला पटत नाही.

उबुदमध्ये सेनिमान नावाचं ठिकाण आहे. ते कॉफी स्वतः भाजतात, वेगवेगळ्या बेटांच्या बिया ठेवतात. कॉफीची आवड असेल तर तिथं तासभर काढा. पण खरी गोडी वारुंगमध्ये. वारुंग म्हणजे घरच्यांनी चालवलेली खाणावळ, चार टेबलं, वर पत्रा. तिथं 'कोपी तुब्रुक' मागा. काचेचा पेला, तळाशी कॉफीची पूड आणि साखर, वरून उकळतं पाणी. गाळणी नाही. लगेच तोंडाला लावलीत तर चोथा दातात येतो. पाच मिनिटं तशीच ठेवायची, पूड खाली बसते, मग वरची कॉफी प्यायची आणि शेवटचा बोटभर थर पेल्यातच सोडायचा. सोबत केळ्याची भजी, 'पिसांग गोरेंग'. घाईत असणाऱ्याला ही कॉफी मुळात पिताच येत नाही, आणि सुट्टीत घाई कशाला हवी?

जुळे_सोलापूर

दादा, काय सांगायलाव तुम्ही! मे महिन्यात आपण हितं ४३ डिग्रीत भाजून निघायलोय. समुद्र बघायचा म्हटलं तर घाट उतरून कोकणात नाहीतर गोव्यात जावं लागतंय. एवढे पैसे साठवून बेटावर गेलो आणि समुद्राकडं पाठ करून डोंगरात बसलो तर बेटावर गेलो कशाला? मग महाबळेश्वर काय वाईट आहे?

कॅफेत माणूस कॉफीचे पैसे देत नाही, बसायचे देतो. चांगूला बातू बोलोंगच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बसून बघा. वाळू काळी आहे, ज्वालामुखीची. ऊन उतरलं की ओल्या वाळूवर सगळं आभाळ दिसतं. बाली विषुववृत्ताजवळ असल्यामुळं वर्षभर सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, आणि शेवटी फार झपकन खाली जातो. मे महिना कोरड्या हंगामातला, आभाळ बहुतेक मोकळं. पाच वाजता जाऊन जागा धरायची, शहाळं घ्यायचं आणि लाटांवरची पोरं बघत बसायचं. आमची आई चप्पल काढून त्या वाळूत बसली ते उठायलाच तयार नव्हती. तिला किंतामणीची कॉफी दिली असती तर 'साखर कमी आहे' एवढंच म्हणाली असती.

आणि फोटोवरून लोकांना नावं ठेवू नका. बाहेरदेशी एकदाच जायला मिळतं अशा माणसाला चांगला फोटो हवा असतो. त्यात काही गैर नाही.

विजापूररोडकर

फोटोला मी नाव ठेवलेलं नाही. आईंचं वाचून मलाही बरं वाटलं. पण 'बसायचे पैसे' किती जातात तेही लिहायला पाहिजे होतं. मेनूत ८५के लिहिलेलं असतं, म्हणजे ८५ हजार रुपिया. किमतीपुढं दोन अधिकची चिन्हं असतात, त्यांचा अर्थ १० टक्के कर वेगळा आणि वर सेवाशुल्क वेगळं. बिल लाखाच्या घरात जातं, आपले साधारण पाचशे रुपये, एका डिशचे. बीच क्लबात गादीच्या खाटेवर बसायचं तर कमीत कमी इतका खर्च कराच अशी अट असते. पाच जणांचं कुटुंब तिथं सहज दिवसाचं बजेट संपवून उठतं. वारुंगमध्ये त्याच पैशात सगळ्यांचं पोट भरतं.

नवीपेठची_सून

तुम्ही दोघंही खाण्याबद्दल असं लिहिताय जणू जाणारा प्रत्येक जण सगळं खातो. आमच्याकडं सासूबाई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात सोडतात. त्यांना घेऊन वारुंगमध्ये गेलो तेव्हा काय झालं ते सांगते. भाजीचं ताट मागितलं, 'नो मीट' म्हणून तीनदा सांगितलं. बाई हसतमुखानं हो म्हणाल्या. ताटात मांस नव्हतंच, पण सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, 'तेरासी' होती, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. वर ठेवलेला पापड, 'क्रुपुक', तोही कोळंबीचा. त्यात त्या बाईंनी काही फसवलं नाही. त्यांच्या लेखी ती मांसात मोडतच नाही. पण सासूबाई त्या दिवशी नुसत्या केळ्यांवर राहिल्या.

म्हणून माझं मत तिसरंच आहे. शाकाहारी सोलापूरकरानं उबुदचे व्हीगन कॅफे धरावेत. पेनेस्तानानचं अल्केमी, किंवा झेस्ट. सेमिन्याकला काइंड आहे. तिथं दूध-तूपसुद्धा नसतं, त्यामुळं प्रत्येक ताटाची चौकशी करत बसावं लागत नाही. यांना 'परदेशी लोकांसाठीचे महागडे कॅफे' म्हणून हिणवणारे खूप भेटतात. पण वयस्कर माणूस बिनघोर जेवतो याची किंमत घरातल्या बाईला विचारा.

वारुंगमध्ये जायचंच असेल तर गादो-गादो घ्या, आणि 'तान्पा तेरासी, तान्पा क्रुपुक' असं कागदावर लिहून दाखवा. उकडलेल्या भाज्या, टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि वर शेंगदाण्याचा दाट रस्सा. अंडं असतं बऱ्याचदा, तेही आधी सांगा. आपली शेंगाचटणी कुणी गरम पाण्यात, चिंचगुळात कालवून दिली तर जे होईल ते हे. सोलापूरच्या माणसाला ते परकं वाटणारच नाही.

बेगमपेठ

ताईंनी चांगला मुद्दा काढला, माझा त्याच्या उलट बाजूचा. आम्हाला हलाल बघावं लागतं. बालीत बहुसंख्य हिंदू, डुकराचं मांस भरपूर, त्यामुळं आमच्या घरात आधी सगळे घाबरले होते. पण बालीत जावाचे, सुमात्राचे मुस्लिम लोकही पुष्कळ आहेत आणि सुमात्रातल्या 'पादांग'च्या पद्धतीची हॉटेलं जागोजागी सापडतात. काचेच्या कपाटात ताटल्यांवर ताटल्या रचलेल्या दिसल्या की ओळखायचं. मोठ्या पादांग हॉटेलात तुम्ही बसलात की न विचारता दहा-बारा वाट्या टेबलावर मांडतात. ज्याला हात लावाल त्याचेच पैसे, बाकीच्या वाट्या परत जातात. सोलापुरात कुणी असं केलं तर मी रोज जाईन!

हिंदू मित्रांसाठी एक सूचना : तिथलं रेंदांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मांस) बहुतेक बीफचं असतं. न खाणाऱ्यांनी 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'इकान' म्हणजे मासा, एवढं विचारून घ्यावं.

कॅफेबद्दल म्हणाल तर माझं मत विजापूररोडकरांकडं झुकतं. समुद्राकाठी बसायला कॅफे लागत नाही. किनारा मोकळाच आहे. चटई टाका, मक्याचं भाजलेलं कणीस घ्या, झालं.

होटगीरोड_प्रवासी

किंतामणीचं एवढं कौतुक चाललंय आणि लुवाक कॉफीचं नाव कुणी घेतलं नाही? उबुदहून वर जाताना कॉफीचे मळे लागतात, तिथं आठ-दहा प्रकारचे चहा आणि कॉफीचे छोटे पेले फुकट चाखायला देतात. लुवाकचा पेला तेवढा विकत. मुलांना सगळं झाडावर बघायला मिळालं : कोको, व्हॅनिला, दालचिनी. आमच्या सहलीतलं ते सगळ्यात आवडतं ठिकाण. 'खऱ्या कॉफी'ची गोष्ट करणाऱ्यांनी हे सोडू नये.

देगावचा_शेतकरी

मळा दाखवा, झाडं दाखवा, पण लुवाकचा पेला घेऊ नका, ही हात जोडून विनंती. ती कॉफी उदमांजराच्या विष्ठेतून निघालेल्या बियांची. रानातलं उदमांजर पिकलेली फळं निवडून खायचं आणि लोक त्या बिया वेचायचे, अशी तिची मूळ कथा. आता मागणी एवढी वाढली की उदमांजरं पिंजऱ्यात कोंडून कॉफीची फळं खाऊ घालतात. रात्री हिंडणारा प्राणी दिवसा पर्यटकांपुढं ठेवलेला असतो. मी बघितलेल्या पिंजऱ्यात ते एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सारखं येरझारा घालत होतं. एवढं बघून तो पेला घशाखाली उतरत नाही.

दुसरं बोलतो, ते जास्त महत्त्वाचं. भातखाचरांच्या कडेला झोपाळे बांधलेले कॅफे सगळ्यांना आवडतात. ती खाचरं टिकलीत ती 'सुबाक'मुळं. शेतकऱ्यांचीच पाणी वाटून घ्यायची पद्धत, देवळाशी जोडलेली. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते सगळे मिळून ठरवतात. हजारएक वर्षांची जुनी व्यवस्था, २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतली. आम्ही उजनीच्या आवर्तनाकडं डोळे लावून बसणारी माणसं. वरच्यानं पाणी अडवलं तर खालच्याचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. चांगूकडं खाचरं बुजवून व्हिला आणि कॅफे उभे राहिलेत. ज्या हिरव्या रानाकडं बघायला लोक तिथं बसतात, तेच रान पुढचा कॅफे गिळतो. म्हणून कॅफे निवडताना मी एवढंच बघतो : हा शेतकऱ्याच्या घराच्या ओसरीवर आहे, की त्याच्या शेतावर?

जुळे_सोलापूर

काका, उदमांजराचं शंभर टक्के मान्य. पण शेताचं एवढं सोपं नाही. तिथल्या पोरांना भातशेतीत राहायचं नाही. आपल्याकडं तरी कोण राहतंय? आम्हाला कॉफी आणून देणारा पोरगा शेतकऱ्याच्या घरचाच होता. दुपारी कॅफेत काम करायचा, सकाळी लाटांवर जायचा. त्याच्या घरी पैसा या कॅफेमुळंच येतोय. आपण सोलापुरातनं पोरं पुण्याला पाठवतो, हुतात्मा एक्सप्रेस भरभरून जाती. त्याला गावातच काम मिळालं. बाहेरच्यानं दोन दिवस येऊन 'शेत राखा' म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

देगावचा_शेतकरी

काम मिळालं हे चांगलंच झालं. पण जमीन एकदा गेली की त्याच्या पोराला तिथं दुसऱ्याच्या मालकीचा कॅफेच उरतो. पुण्याला गेलेल्या पोराची देगावातली जमीन निदान जाग्यावर आहे. इथं माझं तुमचं जमणार नाही.

सातरस्ता_गृहिणी

सगळं वाचलं. आम्ही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय. दोन मुलं, सासरे, शुद्ध शाकाहारी. मला एवढंच सांगा : मुक्काम कुठं टाकू?

विजापूररोडकर

ताई, पहिले दिवस उबुदला काढा. विमानतळापासून गाडीनं दीड तास धरा, गर्दीत जास्त. नवीपेठच्या ताईंनी सांगितलेले कॅफे तिथंच आहेत, सासऱ्यांची सोय होईल. एक दिवस पहाटे किंतामणी. डोंगर सकाळी दिसतो, दुपारी ढगात जातो, आणि वर गारठा असतो म्हणून सासऱ्यांना स्वेटर घ्या. समुद्र हवा असेल तर सानूरला जा. तो किनारा पूर्वेकडं आहे, पाणी शांत, मुलांना बरं. नळाचं पाणी मात्र कुठंच पिऊ नका.

जुळे_सोलापूर

ताई, सानूरला सूर्योदय दिसतो, सूर्यास्त नाही. सुट्टीत मुलं पहाटे साडेपाचला उठतात का? शेवटचे दोन दिवस तरी सेमिन्याकला काढा. काइंड तिथंच आहे, सासऱ्यांचं जेवण झालं की किनारा जवळ. पाचच्या आत पोचा, आणि बसायच्या आधी विचारा, कमीत कमी खर्चाची अट आहे का. असली तर शेजारच्या साध्या खुर्च्यांवर बसा, सूर्य तोच दिसतो.

नवीपेठची_सून

आणि सासऱ्यांसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी बॅगेत टाकाच. विमानात उशीर झाला तर तेवढीच सोय.