आत्या झालात? मग कामाला लागा!

पहिल्यांदाच आत्या झाल्यावर बारशाला नेमकं काय करायचं, असं विचारलंय तुम्ही. आधी अभिनंदन! मी बेळगावची, दोनदा आत्या झालेली.

कुंची, झबलं, पाळण्याची दोरी वगैरे बायका सांगतीलच. खरं काम कानात नाव सांगायचं. ‘कुर्रर्र’ म्हणताच मागून पाठीत धपाटे बसतात, आणि वहिनीच्या बहिणी त्यात जुने हिशेब चुकते करतात! पहिल्या वेळी मी गडबडून नावच विसरले. आई मागून ओरडली, "अगं, सांग की! सगळी बघायल्यात." मग घुगऱ्या वाटल्या, आणि कुंदा, म्हणजे आमची बेळगावी खव्याची मिठाई, ती तर हवीच.

शेजारच्या कन्नड अक्का मात्र हसून म्हणाल्या, "तू आता अत्ते." कन्नडमध्ये अत्ते म्हणजे आत्याही आणि सासूही. भाच्याला अजून दात नाहीत आणि मी सासू!

एक कामाचं सांगते. नाव ठरलं नाही म्हणून जन्मनोंदणी लांबवू नका. ती २१ दिवसांत करायची असते. नाव मागाहून, वर्षाच्या आत फी न भरता घालता येतं. आपल्याकडचा दाखला कन्नड-इंग्रजीत असतो, तेव्हा घरात कन्नड वाचणारं कुणी असेल त्याच्याकडून अक्षरन् अक्षर तपासून घ्या. आमच्या भाचीच्या नावातला एक काना राहिला, तर दादाला तीन खेपा पडल्या.

आणि हो, साडी भावाकडून हक्कानं मागा. मी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या पेठेतून स्वतः निवडून घेतली.