ग्रीक काकांचं चाळीस दिवसांचं स्मरण: कोलिवा आणि एक पानी मजकूर

जाईजुई: नवऱ्याचे काका १९६८ मध्ये ग्रीसहून न्यूयॉर्कला आले होते. येत्या रविवारी चर्चमध्ये त्यांचं चाळीस दिवसांचं म्निमोसिनो (मृत्यूनंतरचा स्मरणविधी) आहे. एक किलो गव्हाचं कोलिवा (या विधीला वाटायचा उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ) आणि त्यांच्यावरचा एक पानी मजकूर, दोन्ही माझ्याकडे आलंय. कोलिव्याला पाणी सुटून वरची साखर विरघळते म्हणतात, ते कसं टाळायचं? आणि 'प्रेमळ, कष्टाळू' याच्या पलीकडे लिहायचं काय?

गव्हाची_पाटी: सगळा खेळ गहू कोरडा करण्यात आहे. खिरीला घेतो तसे सडून कोंडा काढलेले गहू घ्या आणि शुक्रवारी रात्री भिजत घाला. शनिवारी सकाळी उघड्या पातेल्यात शिजवा; कुकरमध्ये दाणा फुटतो आणि चिकट लगदा होतो. दाणा मऊ पण अख्खा राहिला पाहिजे. मग गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, म्हणजे पिठूळपणा जाईल. निथळून सुती कापडावर एका थरात रात्रभर पसरा. ढीग करून ठेवलेत तर उबदार खोलीत सकाळपर्यंत आंबूस वास येतो.

रविवारी पहाटे अक्रोड-बदाम मिळून अर्धा किलो, पाव किलो बेदाणे, दालचिनीची पूड, बारीक चिरलेली पार्सली आणि पुसून कोरडे केलेले डाळिंबाचे दाणे मिसळा. आत साखर घालू नका, पाणी तिथूनच सुटतं. ताटात दाबून सपाट करा, वर रस्कचा चुरा किंवा कोरडं भाजलेलं पीठ, बोटाच्या पेराएवढा थर. ओल हा थर शोषतो. तो पातळ झाला की साखरेवर पिवळे डाग उमटतात. त्यावर अर्धा किलो पिठीसाखर चाळून बटर पेपरने दाबा आणि खाण्याच्या चंदेरी साखरगोळ्यांनी क्रॉस व नावाची आद्याक्षरं काढा. ५०-६० लहान पुड्या सहज होतील.

जुनी_दप्तरं: मजकुरासाठी एलिस आयलंडची (न्यूयॉर्क बंदरातलं स्थलांतरितांच्या नोंदीचं जुनं केंद्र) यादी धुंडाळू नका (सगळे आधी तिकडेच धावतात!), ते केंद्र १९५४ मध्येच बंद झालं. घरातलं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट शोधा, त्यावर तारीख आणि नाव मिळेल. पापादोपुलोससारख्या आडनावाचं पापास बहुधा अमेरिकेत आल्यावर, अनेकदा नागरिकत्व घेतानाच होतं, त्यामुळे दोन्ही नावं लिहा. सरकारकडून पूर्ण फाइल मागवता येते, पण या रविवारपर्यंत ती हाती येणार नाही.

स्वभावासाठी विशेषणं नकोत, प्रश्न घेऊन बसा. कुठल्या गावचे? गावकऱ्यांच्या मंडळात काय करायचे? गावी पैसे कोणासाठी पाठवायचे? नामदिनाला (ज्या संताचं नाव ठेवलं त्याच्या सणाला) दारात कोण यायचं? ग्रीकांत वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा. दिमित्रिओस असेल तर २६ ऑक्टोबर, निकोलाओस असेल तर ६ डिसेंबर; त्या दिवशी आमंत्रणाशिवाय माणसं येतात. उत्तरांतले दोन प्रसंग जसेच्या तसे घाला, पान भरेल.

जाईजुई: मजकूर चर्चमध्येच वाचायचा का?

गव्हाची_पाटी: फादरना विचारल्याशिवाय नको. सहसा नंतर हॉलमध्ये कॉफी-ब्रँडीच्या वेळी बोलतात, दोन-तीन मिनिटं. काकांचं बाप्तिस्म्याचं नाव मात्र चर्च ऑफिसला आधीच कळवा, प्रार्थनेत तेच घेतलं जातं. आणि ताटाच्या मधोमध मेणबत्तीला जागा सोडा, आद्याक्षरं तिच्या खाली.