अनुभव धागा : तुमचा 'सेट' कोणता?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या एकट्या क्रियापदाचे ४३० च्या आसपास अर्थ दिले आहेत. ती एक नोंदच साधारण ६०,००० शब्दांची, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरी. पुढच्या फेरतपासणीत 'रन'ने ६४५ अर्थ जमवून त्याला मागे टाकलं, पण आपल्या बोलण्यात मुरला आहे तो सेटच, त्यामुळे माझं मत त्याला.

माझी एक लाडकी समजूत आहे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, आपल्या प्रयोजकासारखंच. हाड बसवा, खडा बसवा. मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृतात 'सद्' झाला, म्हणून संसद, परिषद, उपनिषद ही सगळी त्याच्या भाऊबंदांतली. कपांचा सेट मात्र वेगळ्या घरातला. तो लॅटिनमधल्या 'सेक्टा'पासून, म्हणजे पंथ किंवा अनुयायी या अर्थाच्या शब्दापासून, फ्रेंचमार्गे आला. उच्चार जुळला आणि दोघं एकाच नावाने नांदायला लागले.

तुमच्या कामात, खेळात, दुखण्यात कुठला सेट भेटला ते लिहा. ऐकीव नको, अनुभवलेलं हवं.

पाचवा गडी
व्हॉलीबॉलवाल्यांचे हाल कुणी विचारत नाही. आमच्याकडे २५ गुणांचा डाव म्हणजे सेट (पाचवा असेल तर १५ चा) आणि मारणाऱ्यासाठी जाळ्याजवळ अलगद उचलून दिलेला चेंडूही सेटच. तो देणारा सेटर. त्यामुळे "सेट गेला!" अशी आरोळी आली की नवख्या प्रेक्षकाला वाटतं डाव हरलो, आणि आम्ही चेंडूमागे धावत असतो. मी सेटर होतो. गुण मिळाला की टाळ्या मारणाऱ्याला आणि चेंडू बोटांना चिकटला की शिटी माझ्या नावाची, हे न्याय्य आहे असं मला आजही वाटत नाही.

ओली भिंत
बांधकामावर आहे. आमचा सेट बसतही नाही आणि बसवावाही लागत नाही, तो आपला आपण होतो. लोकांची पक्की समजूत अशी की सिमेंट सेट झालं म्हणजे वाळलं. अहो, वाळण्याचा संबंधच नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, म्हणून तर पाण्याखालीही काँक्रीट सेट होतं आणि म्हणूनच नंतर कित्येक दिवस पाणी मारत राहावं लागतं. सिमेंट दळताना त्यात मुद्दाम जिप्सम घालतात, का, तर सेट उशिरा व्हावं. नाहीतर कालवता कालवताच घमेल्यात दगड. आणि सेट होणं वेगळं, ताकद येणं वेगळं. सकाळी स्लॅबवर पाय ठेवून "झालं की सेट" म्हणणारे घरमालक मला दर कामावर भेटतात. त्यांना खाली उतरवणं हे माझं अलिखित काम.

गळ्यात हात
मनगट मोडलं तेव्हा एकाच दुखण्यात तीन सेट पाहिले. आधी डॉक्टरांनी हाड सेट केलं (ते 'रिडक्शन' म्हणत होते, मी वेगळंच काहीतरी म्हणत होतो). मग प्लॅस्टर सेट व्हायची वाट पाहिली. ते चक्क गरम लागायला लागलं तेव्हा घाबरलो, तर कळलं की ती पूड पाणी पिऊन पुन्हा जिप्सम होते आणि त्यात उष्णता बाहेर पडते. प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टबाईंचे सेट. मूठ उघडा, मिटा, दहाचा एक सेट. सगळ्यात जास्त याच सेटने रडवलं.

@ओली भिंत, म्हणजे तुमचं जिप्सम माझ्याही हातावर होतं!

विंगेतून
धागाकर्त्यांच्या समजुतीला थोडा सुरुंग. नाटक आम्ही बसवतो, कबूल. पण सेट 'लावतो'. "सेट लागला का?" असंच विचारतात, "बसला का?" असं कुणी विचारत नाही. घड्याळ लावतो, गजर लावतो, सापळा लावतो, गाण्याला चाल लावतो, आग लावतो. या सगळ्याला इंग्रजीत सेट चालतो. तेव्हा सेटचा खरा मराठी जोडीदार 'लावणे' आहे. वाट लावणे मात्र त्यात येत नाही, ती आपली स्वतंत्र निर्मिती.

धागाकर्ती
@विंगेतून, मान्य. आणि सूर्य तर ना बसत ना लागत, तो मावळतो.

रिकामा संच
प्रोग्रॅमिंग करते. आमच्या सेटमध्ये एकच गोष्ट दहा वेळा टाकली तरी एकदाच राहते आणि क्रमाची हमी नसते. शाळेतला संच तो हाच. कामाला लागल्यावर एका यादीतली दुबार नावं काढायला यादीचा सेट केला, एका ओळीत काम झालं. तोवर गणिताच्या तासाला 'रिक्त संच' लिहून मिळवलेले गुण कधी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. वर त्याच प्रोग्रॅममध्ये चलाची किंमतही 'सेट' करतात. सेट सेट करा, असं वाक्य मी शांतपणे बोलते.

अर्धी बशी
@रिकामा संच, मग सहा सारख्या कपांचा सेट गणितात एकाच कपाचा होतो का?

रिकामा संच
नाही हो. कप दिसायला सारखे, पण वस्तू सहा. एकच कप सहा वेळा मोजलात तरच तो एक.

गवतावरचा
मला एकच सेट ठाऊक. विम्बल्डन २०१०, इस्नर विरुद्ध माहू, पाचवा सेट ७०–६८. एकटा तो सेटच ८ तास ११ मिनिटं चालला, सामना तीन दिवस. ४७–४७ वर गुणफलकच बंद पडला, कारण एवढ्या पुढचे आकडे येतील हे त्याच्या प्रोग्रॅममध्ये धरलेलंच नव्हतं. मी टीव्हीसमोर ज्या खुर्चीत होतो तिथून उठायची भीती वाटत होती. पुढे नियम बदलले, आता शेवटच्या सेटमध्येही ६–६ ला टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा निर्णायक गेम, होतो. शहाणपणाचा निर्णय, आणि मला अजिबात आवडलेला नाही.

अर्धविराम
ॲपची मजकूर-भाषांतरं तपासतो. इंग्रजीत वर्तमान, भूत, कृदंत, नाम, सगळीकडे तोच सेट, आणि भाषांतरकाराकडे शब्द येतो सुटा, आगापीछा नसलेला. गजराच्या बटणावर 'संच' लिहिलेलं एक ॲप माझ्या हाताखालून गेलंय. दुसऱ्यात सूर्योदयाच्या वेळेखाली मावळतीच्या जागी 'स्थापित'. त्यापेक्षा सरळ 'सेट' लिहिलं असतं तर कुणी अडलं नसतं. शुद्धतावाद्यांनी माफ करावं किंवा करू नये.

भुस्सा
करवतीलाही सेट असतो. एक दात डावीकडे, पुढचा उजवीकडे, किंचित वाकवलेला. त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं लाकडात अडकत नाही. दातांना धार भरपूर, पण सेट गेलेला, अशी करवत चालवून पाहा. निम्म्यात रुतून बसेल.

धागाकर्ती
@भुस्सा, बसलीच शेवटी!