मदत हवी आहे: पार्किंगमध्ये चालू ठेवलेल्या गाडीचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदिरानगरला पहिल्या मजल्यावर राहतो, बरोब्बर पार्किंगच्या डोक्यावर. थंडी पडली की वरचे काका सकाळी साडेसहाला डिझेल गाडी स्टार्ट करतात, किल्ली तशीच ठेवून घरी जातात आणि निवांत चहा पितात. पंधरा-वीस मिनिटं! धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात. बोललं की, "इंजिन गरम नको व्हायला?" परवा तर दार उघडं आणि सोसायटीतलं एक पोरगं स्टिअरिंगवर बसलेलं. माझ्या पोटात गोळाच आला.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६ वाचलं. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर सीटवर लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. पण 'सार्वजनिक जागा' म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती. मग आमचं गेटच्या आतलं पार्किंग त्यात बसतं का?

नाशकात कुणाच्या सोसायटीने याबद्दल ठराव केलाय का? मजकूर मिळेल? पोलिसांत जायची इच्छा नाही हो, काका एरवी चांगले आहेत.