मिसिसिपीकाठी लेक्लेअरला (आयोवा) घर घ्यावं का? पूर, विमा आणि गावाचा स्वभाव

मुक्काम_मोलीन

मोलीनला बदली आहे. ऑफिस इलिनॉयमध्ये, पण घर नदीपलीकडे आयोवात, लेक्लेअरला बघतोय. गाव पाच हजारांच्या आतबाहेर, शाळा प्लेझंट व्हॅली डिस्ट्रिक्टची. दोन घरं डोळ्यात भरली आहेत. एक कोडी रोडलगत, रुळांजवळ, जुनं, तळघरासकट, नदी समोर. दुसरं वर टेकाडावर, त्याहून बरंच महाग. एजंट म्हणतो, खाली लॉक अँड डॅम १४ (धरण आणि बोटी वर-खाली नेणारा जलपाश) आहे, त्यामुळे पाणी ‘कंट्रोल’मध्ये असतं. सांगली-कोल्हापूर पाहिलेल्या माणसाला हे पटत नाही. धोका नेमका मोजायचा कसा? आणि राहायला गाव कसं आहे, दोन राज्यांच्या कराची भानगड काय?

पाणीपातळी

एजंटचं ‘कंट्रोल’ बाजूला ठेवा. कोयनेत १०५ टीएमसी पाणी साठतं, त्यामुळे आपल्याला धरण म्हटलं की साठा आणि विसर्ग आठवतो. मिसिसिपीवरची ही धरणं साठ्याची नाहीतच. १९३० च्या दशकात बार्जसाठी (मालवाहू सपाट बोटी) किमान ९ फूट खोल वाट कायम राहावी म्हणून ती बांधली. पाणी कमी असतं तेव्हा ती पातळी धरून ठेवतात. पूर आला की दरवाजे पाण्याच्या वर उचलतात आणि नदी मोकळी वाहते. म्हणजे उन्हाळ्यात समोरचं पाणी तळ्यासारखं स्थिर दिसेल ते धरणामुळे, पण पुरात धरणाचा काही उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्यापेक्षा बरी. मिनेसोटा-विस्कॉन्सिनचा बर्फ वितळून पाणी इथे यायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे हवामान खात्याचा अंदाज आधीच हातात असतो. वाईट बाजू अशी की पाणी उतरतही नाही. २०१९ मध्ये मोलीनशेजारच्या रॉक आयलंडच्या पाणीपातळी मापकावर नदी मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत पूरपातळीच्या वर होती. तिथे पूरपातळी १५ फूट. २ मे २०१९ ला २२.७ फूट हा विक्रम झाला, १९९३ चा २२.६३ होता, आणि २०२३ मध्येही साडेएकवीसपर्यंत गेलीच. हे आकडे नदीची खोली नाहीत. मापकाचा शून्य ठरवून दिलेल्या उंचीवर असतो. लेक्लेअरसाठी लॉक १४ चा मापक बघा, तिथे पूरपातळी ११ फूट आहे. दोन मापकांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका.

आता घराचं. नदीपासून किती लांब हा प्रश्नच चुकीचा आहे, किती उंच ते विचारा. पायऱ्या अशा:

१. फेमाच्या (अमेरिकेची आपत्ती व्यवस्थापन संस्था) पूरनकाशात पत्ता टाका. एई झोन म्हणजे दरवर्षी पुराची १ टक्का शक्यता. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ३० वर्षांच्या कर्जात ती साधारण २६ टक्के होते.

२. विक्रेत्याकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट मागा. नसेल तर सर्व्हेयरकडून करून घ्या. त्यात बेस फ्लड एलिव्हेशन (त्या १ टक्का पुरात पाणी जिथवर चढेल ती उंची), तळघराची फरशी, पहिला मजला आणि घर गरम करायची भट्टी-हीटर कुठल्या उंचीवर आहेत, हे सगळं येतं.

३. आधीच्या पूरविम्याच्या दाव्यांचा इतिहास विक्रेत्यालाच फेमाकडून मागवायला सांगा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

४. विक्रेत्याची एनएफआयपी (सरकारी पूरविमा योजना) पॉलिसी चालू असेल तर ती आपल्या नावावर वर्ग करून मागा. तिचा सवलतीतला हप्ता एकदम उडी न मारता राहत्या घराला वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्क्यांनी वाढतो. नवी काढली तर पूर्ण दर पहिल्या दिवसापासून.

साध्या घरविम्यात पूर नसतो. एनएफआयपीत इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,००० आणि ते वेगळं घ्यावं लागतं. पॉलिसी लागू व्हायला ३० दिवस लागतात (कर्जाच्या क्लोजिंगबरोबर, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण होताना काढली तर नाही). पाणी चढताना फोन करून काही होत नाही.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते तळघरात. तिथली भट्टी, वॉटर हीटर, वीजपेटी विम्यात बसते. कार्पेट, रंगवलेल्या भिंती, सोफा, टीव्ही बसत नाही. ‘फिनिश्ड बेसमेंट’चे जे जास्तीचे पैसे एजंट लावतोय, ते पुराच्या दृष्टीने पाण्यातच.

रुळावरचा

वरचं बरोबर, पण मला पुरापेक्षा रेल्वेची काळजी जास्त वाटते. पूर पाच-सात वर्षांनी येईल, मालगाडी आज रात्रीच येणार. ती लाइन गाव आणि नदी यांच्या मधून जाते. २०२३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्यावर त्यावरची वाहतूक वाढली. लांबलचक गाडी आली की नदीकडचा भाग तेवढा वेळ तुटतो. ऑफर देण्याआधी रात्री दोन वाजता त्या घरासमोर गाडी लावून खिडकी उघडून बसा.

कराची भानगड नाही. आयोवा-इलिनॉयमध्ये परस्पर करार आहे, पगारावर कर फक्त राहत्या राज्याला. कंपनीत आयएल-डब्ल्यू-५-एनआर फॉर्म भरा आणि पगारातली करकपात आयोवासाठी करायला सांगा. अर्धंच केलं, म्हणजे इलिनॉयची कपात थांबवली आणि आयोवाची सुरू केली नाही, तर एप्रिलमध्ये सगळी रक्कम एकदम आणि वर दंड. आयोवाचा दर २०२५ पासून सरसकट ३.८ टक्के, इलिनॉयचा ४.९५. करार पगारापुरताच, भाडं किंवा धंद्याचं उत्पन्न त्यात नाही.

कोडी_रोड

गावाबद्दल. हे नदीवरच्या बोटी चालवणाऱ्या पायलटांचं गाव. इथून खाली रॉक आयलंडपर्यंत खडकाळ रॅपिड्स (उथळ, वेगवान प्रवाह) होते, ते पार करायला स्टीमबोटी इथले वाटाडे घेत. आता ते खडक पाण्याखाली गेले. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांसाठी गाजलेला बफेलो बिल १८४६ मध्ये इथे जवळच जन्मला, त्याच्या नावाच्या म्युझियममध्ये ‘लोन स्टार’ ही लाकडी टोबोट (बार्ज ढकलणारी बोट) ठेवलीय. बिलपेक्षा ती बघा.

आजचा पैसा क्वाड सिटीजमधल्या (डेव्हनपोर्ट, मोलीन वगैरे जोडशहरं) नोकऱ्यांचा आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा. म्हणून कोडी रोडवर अँटिक, वाइन, आइस्क्रीम भरपूर, पण इंडियन किराणा नाही. त्यासाठी डेव्हनपोर्ट-मोलीनला जावं लागेल.

बार्ज बघायला लॉक १४ ला जा. एक बार्ज १९५ बाय ३५ फूट, दीड हजार टनांची, अशा १५ एकत्र बांधतात. लॉक फक्त ६०० फूट लांब, त्यामुळे ताफा तोडून दोनदा काढावा लागतो, साधारण दीड तास. जानेवारीत पाणी गोठतं तेव्हा धरणाखाली उघडं राहिलेल्या पाण्यावर बाल्ड ईगल मासे धरतात. गाडीतूनच बघा, दार उघडलं की उडतात.

ऑगस्टमध्ये टगफेस्ट. नदीवर २,७०० फुटी दोर टाकून पलीकडच्या पोर्ट बायरनशी रस्सीखेच, तेवढा वेळ जलवाहतूक बंद. हसू येईल, पण गावाची ओळख एका दिवसात करून घ्यायची तर ह्याच दिवशी.

आणि मेफ्लाय, नदीतून निघणारे पंखवाले किडे. उन्हाळ्यात एखाद्या रात्री थवे उठतात, दिव्यांखाली खच पडतो, रस्ता निसरडा होतो. पोर्चचा दिवा बंद ठेवा, सकाळी आधी कोरड्या झाडूने लोटा. पाणी मारलं की चिकट रबडी होते आणि वास दोन दिवस जात नाही.

मुक्काम_मोलीन

सर्वांचे आभार. सर्टिफिकेट आलं. खालच्या घराचा पहिला मजला बेस फ्लड एलिव्हेशनच्या २ फूट वर, तळघराची फरशी ४ फूट खाली. विक्रेता म्हणतो, दोन संप पंप (तळघरात साचलेलं पाणी उपसणारे) आणि बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटाराचं पाणी उलट येऊ न देणारी झडप) आहे, काळजी नको.

पाणीपातळी

म्हणजे राहता मजला बहुधा वाचेल, तळघर कधीतरी भरणारच. ते धरूनच भाव करा.

पंप वीज गेली की थांबतो, आणि पुरात वीज आधी जाते. बॅटरी बॅकअप आहे का, बॅटरी किती जुनी आहे, ते बघा. व्हॉल्व्हच्या झडपेत चरबी अडकली की ती पूर्ण मिटत नाही, वर्षातून दोनदा उघडून धुवावी लागते. आणि ती मिटलेली असताना तुमचं स्वतःचं सांडपाणीही बाहेर जात नाही, तेव्हा शॉवर, वॉशिंग मशीन बंद. ड्रेनमधून उलट येणाऱ्या पाण्यासाठी घरविम्यात वेगळी जोड असते, ती घ्या.

भट्टी आणि वीजपेटी वर पहिल्या मजल्यावर न्यायचं कोटेशन घ्या आणि ती रक्कम किमतीतून वजा करून मागा.

तळघर भरलंच तर घाईने उपसू नका. बाहेरची माती ओली असते, आतला दाब एकदम गेला की भिंत आत ढासळते. बाहेरचं पाणी उतरल्यावर एक फूट काढा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आलं असेल तर अजून वेळ झालेली नाही. नसेल तर रोज दोन-तीन फूट.